दुर्बीण हातात घेतली की वल्हं कुठे ठेवायचं?

दुर्बीण उचलायची तर वल्हं खाली ठेवावं लागतं, आणि वल्हं खाली ठेवलं की कयाक, म्हणजे ती छोटी अरुंद होडी, आपल्या मर्जीने फिरायला लागते. तीन वर्षं मी भाड्याच्या कयाकमधून पक्षी बघत होते आणि तीन वर्षं हेच चाललं होतं. टिबुकली बुडी मारते. आता कुठून वर येईल म्हणून मी श्वास रोखून बसते, ती वर येते, मी दुर्बीण डोळ्यांना लावते, फोकस फिरवते, आणि तोवर वाऱ्याने होडीचं नाक असं वळवलेलं असतं की भिंगात पक्ष्याऐवजी पाणकणसांची भिंत. दुर्बीण गळ्यात सोडायची, वल्हं उचलायचं, दोन हात मारून होडी सरळ करायची, वल्हं पुन्हा मांडीवर आडवं ठेवायचं. एवढं होईपर्यंत टिबुकली पुन्हा पाण्याखाली.

त्यात उजवा खांदा. दोन तास वल्हवलं की त्या रात्री उजव्या कुशीवर झोपता येत नसे. डॉक्टरांना दाखवलं होतं. काही फाटलेलं नव्हतं, पण सूज होती आणि ती दर वेळी नव्याने येत होती.

माझी धाकटी बहीण गळ टाकून मासे धरते. तिच्या ओळखीतले बरेच जण पायडलच्या कयाकवर गेले होते. ती म्हणाली, "ताई, पायडलची घे ना. पाय चालतील, हात मोकळे राहतील. खांदाही सुटेल आणि पक्षीही दिसतील." दोन्ही दुखण्यांवर एकच औषध. तरीही स्वतःची कयाक घ्यायचं ठरल्यापासून ती प्रत्यक्ष घेईपर्यंत मला आठ महिने लागले, आणि शेवटी मी घेतली ती वल्ह्याची. मधल्या काळात काय काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण पहिल्या महिन्यात मला कोणी विचारलं असतं तर मी बिनदिक्कत पायडल म्हटलं असतं.

आधी थोडं पायडलच्या यंत्राबद्दल, कारण मला वाटत होतं तसं ते एकाच तऱ्हेचं नसतं. एका तऱ्हेत सायकलसारखं गोल पायडल मारायचं. खाली उभा दांडा उतरतो, त्याच्या टोकाला पंखा. आतल्या दातेरी चाकांमुळे पायडलच्या एका फेऱ्याला पंख्याचे साधारण दहा फेरे होतात. उलटं पायडल मारलं की होडी लगेच मागे जाते. दुसऱ्या तऱ्हेत पाय गोल फिरत नाहीत. एक पाय पुढे दाबायचा, मग दुसरा, आणि होडीच्या पोटाखाली दोन लवचीक पाती डावी-उजवीकडे झुलतात. होबी कंपनीने १९९७ साली हे यंत्र आणलं. पेंग्विन पाण्याखाली पंख मारत जातो त्या हालचालीवरून ते सुचलं, हे कळल्यावर पक्षी बघणाऱ्या बाईचं मन तिकडे ओढलं जाणारच.

पहिली फेरी पंख्याच्या कयाकमधून केली. बसायला जाळीची उंच खुर्ची. पाण्यापासून एवढ्या उंचीवर मी कयाकमध्ये कधी बसले नव्हते. पाणकणसांच्या शेंड्यांवरून पलीकडचं पाणी दिसत होतं आणि त्या पाण्यात माझ्या कल्पनेबाहेर पक्षी होते. पाय चालवले, होडी निघाली, दोन्ही हातांत दुर्बीण. राखी बगळा काठावर मान आखडून उभा होता. त्याच्यासमोरून मी जात राहिले आणि जाता जाता त्याला बघत राहिले. तीन वर्षांत पहिल्यांदाच. डोळे भरून आले म्हटलं तर कोणाला पटणार नाही, पण आले.

वारा होता, त्याचंही काही वाटलं नाही. वाऱ्याकडे नाक करून हळूहळू पायडल मारत राहिलं की होडी एका जागी उभी राहते. हे वल्ह्याला जमत नाही असं नाही, पण मग दोन्ही हात त्यातच अडकतात. पायडलचा खरा गुण वेग नव्हे, हा आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. पक्षी होडीला जितके घाबरतात त्याहून जास्त वल्ह्याच्या चमकणाऱ्या पात्यांना घाबरतात. उजवं वर, डावं वर, उन्हात लखलख. पायडलमध्ये ती लखलख नाही. यंत्राची बारीक घरघर येते, पण पाणकावळ्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

वेगाचं काय, तर मी पाच किलोमीटरचा एक फेरा ठरवून दोन्ही तऱ्हांच्या होड्यांनी मारला. वारा पडलेला असताना पायडलने ५० मिनिटं लागली, वल्ह्याच्या लांब होडीने ५४. फरक फार नाही, आणि त्याला कारण आहे. होडी पाण्यातून जाताना स्वतःची लाट उभी करते. वेग वाढतो तशी ती लाट लांबत जाते आणि शेवटी होडी आपल्याच लाटेच्या चढावर अडकते. पाण्याला टेकलेली लांबी ३.६ मीटर असेल तर ही हद्द ताशी साडेआठ किलोमीटरच्या आसपास येते, ४.४ मीटर असेल तर साडेनऊच्या जवळ. मांड्यांत कितीही ताकद असली तरी आखूड, रुंद होडीत ती लाट फुगवण्यातच जाते. दुसऱ्या वेळी वारा समोरून आला तेव्हा मात्र पायडलने स्पष्ट बाजी मारली. त्याच फेऱ्याच्या शेवटच्या टप्प्यात तिचा वेग ताशी ५ राहिला, वल्ह्यावर मी ४ वर आले आणि खांदा ठणकायला लागला.

बहिणीला मी त्या संध्याकाळी फोन करून सांगितलं की ठरलं. घाई केली. पुढच्याच आठवड्यात मी तीच कयाक पुन्हा भाड्याने घेतली आणि ती माझ्या नेहमीच्या जागेत नेली. आधीची फेरी मोकळ्या पाण्यात झाली होती, ही पाणकणसांच्या आतल्या अरुंद वाटांत.

वाट दोन-अडीच मीटर रुंद असेल. पाणी वरून काळंभोर, खोल वाटावं असं, पण खाली कमरेएवढंसुद्धा नाही आणि तळापासून वर आलेलं फितीसारखं लांब पाणगवत. शंभर-सव्वाशे मीटर आत गेले असेन, पायडल जड लागायला लागली. आधी वाटलं दमले. मग एकदम थांबलीच. उलटी मारली, थोडी फिरली आणि आणखी घट्ट झाली. गवत पंख्यामागच्या दांड्याभोवती दोरीसारखं आवळलं होतं.

अशा वेळी यंत्र वर उचलायचं असतं. खीळ सोडायची आणि दांडा वर फिरवून घ्यायचा. खीळ सुटली, दांडा हलेना. बिजागरीत वाळू बसलेली, ग्रीस वाळून काळं डांबर झालेलं. ज्यांच्याकडून होडी घेतली त्यांनी ती कित्येक महिन्यांत धुतली नसावी. दोन गुडघ्यांच्या मधे जी खाच असते तिच्यातून मी हात खाली घातला. कोपरापर्यंत गेला, पंख्यापर्यंत पोचेना. मग पालथी होऊन, एक हात बाहेरून होडीच्या पोटाखाली घालून, बोटांना लागेल ते गवत नखाने तोडत बसले. फीत ओढली की चिकट, गार, बोटभर रुंद पट्टी हातात यायची, तिच्या खाली दुसरी. वीसएक मिनिटं गेली. पंखा सुटला, पण चार फेरे झाले की पुन्हा आवळायचा.

वळायचं म्हटलं तर तेही होईना. पायडलच्या होडीला सुकाणू असतं आणि सुकाणू चालत्या होडीलाच वळवतं. उभ्या होडीत ते नुसतं पाण्यात लोंबतं. वल्ह्याने एक मोठा अर्धगोल मारला की होडी जागच्या जागी फिरते, हे मी तीन वर्षं इतकं सहज करत होते की ते काही वेगळं कसब आहे हेच विसरले होते. होडीच्या बाजूला अडकवलेलं छोटं वल्हं काढलं. ९० सेंटिमीटर रुंद होडी, वर उंच खुर्ची, आणि वल्हं आखूड. पाण्यापर्यंत पोचायला प्रत्येक वेळी कुशीवर झुकावं लागत होतं आणि मुठी होडीच्या कडेला घासत होत्या. डाव्या हाताच्या दोन बोटांची सालं निघाली. शेवटी गवताला धरून मागे मागे ओढत बाहेर आले.

बिजागरी घट्ट झाली हा पायडलचा दोष नाही, हे मला मान्य आहे. स्वतःची होडी असती तर मी ते यंत्र दर वेळी गोड्या पाण्याने धुऊन ठेवलं असतं. पण पंखा पाण्याखाली सुमारे ४५ सेंटिमीटर जातो, म्हणजे हातभर. माझ्या जागेत हातभर पाणी मोकळं मिळेल याची खात्री नाही. वल्ह्याच्या होडीला वीतभरही लागत नाही.

झुलत्या पात्यांची होडी यावर उत्तर ठरेल असं वाटलं, आणि बरंचसं ठरलंही. उथळ पाणी आलं की एक पायडल पूर्ण पुढे दाबून ठेवायची, दोन्ही पाती पोटाला चिकटतात. गवतातून ती पंख्यापेक्षा कितीतरी सहज सुटते, कारण गुंडाळायला फिरता दांडाच नाही. पण तीन रविवार चालवल्यावर दोन गोष्टी पक्क्या झाल्या. पाती चिकटवली की होडी चालत नाही, म्हणजे उथळात शेवटी वल्हंच. आणि मला मिळालेल्या जुन्या यंत्रात मागे जायची सोय नव्हती. पुढच्या सुधारित यंत्रांत दोरी ओढली की पाती उलटी वळतात आणि होडी मागे जाते. तसं यंत्र घेता आलं असतं.

मग तिसरी गोष्ट आली, जी सगळ्यात साधी आणि मी सगळ्यात उशिरा विचारात घेतलेली: वजन. मी एकटीच जाते, पहाटे. त्या होडीचं नुसतं बूड ३८ किलो, वर यंत्र आणि खुर्ची. यंत्र आणि खुर्ची वेगळी नेता येते, पण ३८ किलोची, हाताच्या कवेत न मावणारी वस्तू गाडीच्या छतावर चढवायची आणि तीन तास पाण्यात घालवून दमल्यावर पुन्हा चढवायची. मी एकदा करून बघितलं. एक टोक कॅरिअरवर टेकवून मागून ढकलायची युक्ती असते, तिने चढली. उतरवताना ती माझ्या खांद्यावर आली, त्याच उजव्या. ज्या खांद्याला वाचवण्यासाठी हे सगळं चाललं होतं त्याला दोन तासांच्या वल्हवण्याने जेवढं दुखावलं नसतं तेवढं त्या अर्ध्या मिनिटाने दुखावलं. छत नको तर ट्रेलर, चाकांची छोटी गाडी, उतार असलेला घाट असे मार्ग आहेत. ज्यांच्याकडे ते आहेत त्यांनी वजनाला भिऊ नये. माझ्या जागेला उतार नाही, चिखल आहे.

खांदा बरा होईपर्यंत पाण्यावर जायचं नव्हतं. त्या सहा आठवड्यांत बहिणीने मला पायडलच्या बाजूने बरंच वाचायला पाठवलं. त्यात जेसन लुईस आणि त्याच्या जोडीदाराची हकिगत होती. १९९४ साली ते पायडलच्या होडीतून पोर्तुगालहून निघाले आणि १११ दिवसांत अटलांटिक ओलांडून अमेरिकेला लागले. होडीचं नाव 'मोक्ष'. मी तिला अलेक्झांडर डोबाची हकिगत पाठवली. पोलंडचा हा माणूस सत्तरीला पोचल्यावर २०१७ साली तिसऱ्यांदा अटलांटिक पार गेला, कयाकने, वल्हं मारत. यावरून आमचा वाद मिटला नाही, पण लांबवर जायला कोणतं बरं हा प्रश्न मात्र आम्ही दोघींनी सोडून दिला.

खांदा बरा झाल्यावर मी एका अनुभवी शिक्षकांकडे गेले. हेतू एवढाच की वल्हं कायमचं सोडायच्या आधी एकदा जाणत्या माणसाला विचारावं. त्यांनी मला शंभर मीटर जाऊन यायला सांगितलं आणि काठावरूनच हाक मारली, "अहो, ओढताय कशाला? वल्हं ओढायचं नसतं. ते पाण्यात रोवायचं आणि होडी त्याच्यापाशी न्यायची."

मला काही कळलं नाही. मग त्यांनी मला काठावर जमिनीवर बसवलं, पाय समोर, पायाचे तळवे एका ओंडक्याला टेकवलेले, हातात काठी. "उजवीकडे मारायचंय ना? मग उजवा खांदा पुढे न्या. हात नको, खांदा. बेंबी डावीकडे वळली पाहिजे. आता काठी पंज्याच्या शेजारी टेकवा आणि उजवा पाय दाबा." मी पाय दाबला. दाबताच उजवी कंबर मागे गेली, कंबरेबरोबर पाठ उलगडली आणि काठी आपोआप मागे आली. हात जवळजवळ सरळच राहिले होते. "कंबरेपाशी आली की काढा. त्याच्या मागे नेलीत तर खांदा मरतो." शेवटचं वाक्य त्यांनी मुद्दाम दोनदा म्हटलं.

मी तीन वर्षं कंबरेच्या बरंच मागपर्यंत ओढत होते, कोपर वाकवून, वरचा हात कपाळापर्यंत उचलून. त्यांनी वरचा हात खांद्याच्या वर जायचा नाही असं बजावलं. मूठ आवळायची नाही. पुढे ढकलणाऱ्या हाताची बोटं उघडली तरी वल्हं पडत नाही हे त्यांनी माझ्याकडून दहा मिनिटं करून घेतलं. आणि होडीतल्या पाय टेकवायच्या खुंट्या, ज्या मी आजवर एकदाही माझ्या उंचीला लावून घेतल्या नव्हत्या, त्या दोन खाचा मागे आणल्या. गुडघे किंचित वाकले, तळव्यांना जोर लावायला जागा मिळाली.

त्या दिवशी मला उमगलं की पाय की हात हा प्रश्नच मी चुकीचा धरला होता. नीट मारलेल्या वल्ह्यातही जोर पायांतून निघतो आणि कंबरेतून वर येतो. हात फक्त तो पाण्यापर्यंत पोचवतात. माझा खांदा वल्ह्याने दुखत नव्हता, पायांचं आणि पाठीचं काम त्याच्या एकट्यावर टाकल्याने दुखत होता.

वल्हंही बदललं. भाड्याचं वल्हं ॲल्युमिनियमच्या दांड्याचं, २४० सेंटिमीटरचं, सव्वा किलोच्या आसपास. शिक्षकांनी त्यांचं २२० सेंटिमीटरचं, कार्बनचं दिलं, पाऊण किलोचं. अर्ध्या किलोने काय होतं असं वाटेल. मी मिनिटाला पन्नासेक हात मारते, म्हणजे दोन तासांत सहा हजार. सहा हजार वेळा अर्धा किलो उचलायचा की नाही, असा तो हिशोब आहे. ज्याला वल्ह्याची कयाक घ्यायची आहे त्याला माझं कळकळीचं सांगणं आहे की होडी जुनीपानी घेतली तरी चालेल, वल्ह्यात काटकसर करू नका.

खांद्याचं झालं, दुर्बिणीचं राहिलंच होतं. ते मी शिक्षकांना विचारलं तेव्हा त्यांनी मला उलट विचारलं, "कयाक कोणी केली, ठाऊक आहे ना?" ठाऊक होतं. आर्क्टिकच्या लोकांनी, सीलच्या कातड्याची, लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर ताणलेली. इनुइट भाषेतला 'कयाक' हाच शब्द जगभर गेला. "मग त्यांना भाला फेकायला हात लागत नव्हते?"

ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांच्या कयाकवर पुढच्या बाजूला आडव्या वाद्या ताणलेल्या असत. वल्ह्याचं एक टोक त्या वादीखाली खुपसायचं आणि वल्हं आडवं बाहेर काढून ठेवायचं. दुसरं पातं पाण्यावर पालथं पडून राहतं आणि होडीला त्या बाजूने टेकू मिळतो. हात मोकळे, आणि होडी आधीपेक्षा स्थिर. मी करून बघितलं. दुर्बीण लावली. चित्र हललं नाही. तीन वर्षं मी जे वल्हं मांडीवर आडवं ठेवून, ते घसरेल म्हणून गुडघ्यांनी दाबून धरत होते, ते बाहेर पाण्यावर शांत पडलं होतं आणि मला तोलून धरत होतं. माझ्या अडचणीवर त्या माणसांनी कितीतरी पिढ्यांपूर्वी तोड काढून ठेवली होती, त्यांना तर त्यावर पोट भरायचं होतं.

वाऱ्याने होडी फिरणं यानेही पूर्ण थांबत नाही, खोटं कशाला सांगू. होडीच्या मागच्या भागाखाली वर-खाली करता येणारी पट्टी असते, स्केग म्हणतात तिला. ती उतरवली की नाक वाऱ्याकडे वळायची खोड बरीच कमी होते. बाकी मी वाऱ्याशी भांडणं सोडलं. पक्षी दिसला की त्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडून येतोय तिकडे जाते, वल्हं वादीखाली घालते आणि वाहत खाली येते. जिथे थांबायचंच असेल तिथे नाक पाणकणसांत खुपसते. मोकळ्या पाण्यात एका जागी उभं राहायचं तर आजही पायडलच श्रेष्ठ, त्यात वाद नाही.

उलटायचा सराव दोन्ही होड्यांतून केला. जो कोणी यातली कुठलीही होडी घेणार असेल त्याने उथळ, उबदार पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, सोबत कोणी असताना तो आधी करावा. रुंद पायडलची कयाक सहजी उलटत नाही, पण एकदा पालथी झाली की सरळ करायला एकटीला जीव काढावा लागतो. सरळ झाल्यावर मात्र वर चढणं सोपं. पोटावर झेप घ्यायची, लोळायचं, बसायचं. वल्ह्याची अरुंद, आत बसायची होडी उलटी पटकन होते, सरळ एका झटक्यात होते, पण आत पाणी भरतं आणि परत बसणं ही शिकायची विद्या आहे. वल्ह्याच्या एका पात्याला फुगवलेली पिशवी चढवायची, वल्हं होडीला आडवं लावायचं, त्यावर पाय टाकून मागून चढायचं, मग पंपाने पाणी उपसायचं. पहिल्या दिवशी मला अकरा मिनिटं लागली, आता चार लागतात.

याच सरावात वल्ह्याचं आणखी एक काम अंगवळणी पडलं. होडी कलली की त्या बाजूला पातं पालथं करून पाण्यावर चापट मारायची, क्षणभर पाणी घट्ट लागतं, तेवढ्यात कंबरेने होडी सरळ करायची. एकदा मोटरबोटीची लाट आडवी आली तेव्हा हात माझ्या विचाराआधी गेला. चालवायला वल्हं, वळवायला वल्हं, थांबवायला, तोल सावरायला, बुडालं तर परत चढायला वल्हं. पायडलच्या होडीत ही कामं यंत्र, सुकाणू आणि रुंद बूड यांच्यात वाटलेली असतात. ती वाटणी आरामाची आहे, पण त्यातलं एक बंद पडलं की काय होतं ते मी गवतात पाहिलं होतं.

मी घेतली ती ४.४ मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद, २३ किलोची. वल्हं काळ्या पात्यांचं, चमकू नये म्हणून. त्याची एक बाजू मला खटकते. मोटरबोटवाल्यांना लांबून दिसतं ते वल्ह्याचं पातंच, म्हणून मोकळ्या पाण्यात जायचं असेल तेव्हा मी दुसरं, केशरी पात्यांचं नेते.

बहिणीने त्याच हंगामात पायडलची घेतली, झुलत्या पात्यांची, मागे जाणारी. तिचं मनगट वल्ह्याने सुजतं, आणि ते वल्हं मारायची पद्धत बदलूनही थांबलं नाही. ती मोकळ्या, खोल पाण्यात जाते, गळाला मासा लागला की दोन्ही हात तिकडे लागतात आणि त्या वेळी होडी वाऱ्यावर धरून ठेवायला पायच हवेत. तिला मीच म्हटलं, तू दुसरी कुठली घेऊच नकोस.

आता आम्ही महिन्यातून दोनदा एकत्र जातो. आधी तिची होडी दोघी मिळून उतरवतो, मग माझी मी खांद्यावर घेऊन येते, डाव्या. ती खोल पाण्याकडे निघते, मी पाणकणसांत शिरते. परतताना बहुतेक वेळा वारा समोरून असतो. गेल्या वेळी जरा जास्तच होता. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ताई, दोरी टाक." मी टाकली. तिने ती मागच्या कडीत अडकवली आणि पायडल मारत राहिली. मी वल्हं वादीखाली घातलं आणि काठापर्यंत दुर्बीण डोळ्यांवरून खाली घेतली नाही.